नियमात बसते

मी, खाली सही करणारा, वय सहासष्ट, वित्त कंपनीतला निवृत्त नियम-तपासनीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. राहते घर पत्नीला. माझी फायलींची कपाटे तिने खुशाल रद्दीत घालावीत. ती याच दिवसाची वाट पाहत आहे.

२. "नियमात बसते" हा रबरी शिक्का आणि माझी करडी पँट चिरंजीवांना, कारण माझ्या खुर्चीवर आता तेच बसतात.

पँटची हकिकत अशी. निवृत्तीला दोन वर्षे असताना समोरच्या शिंपीणबाईंचा बचत योजनेसाठी अर्ज आला. त्यांचे वय एकोणसत्तर, योजना वीस वर्षांची, मध्येच मोडल्यास निम्मी रक्कम बुडणार. अर्जावर त्यांच्या बाराही सह्या जागच्या जागी होत्या. मी शिक्का मारला. वर्षभरात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांना योजना मोडावी लागली आणि निम्मे गेले. मी बोट ठेवून त्यांचीच सही दाखवली.

पुढे मी त्यांच्याकडे पँट शिवायला टाकली. माप देण्याचा कंटाळा, म्हणून दहा वर्षांपूर्वीचे माप कागदावर लिहून, सही करून पाठवले. पँट आली ती उभ्याने कशीबशी चढली, पण खाली बसता येईना. तक्रार केली तर बाई म्हणाल्या, "कागदात बरोबर बसतेय, साहेब. सही तुमचीच आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चिरंजीवांनी शिक्का मारण्यापूर्वी ती पँट घालून एकदा बसून पाहावे.

३. बाईंची बुडालेली रक्कम, व्याजासह, माझ्या ठेवीतून त्यांना द्यावी. हयातीत दोनदा देऊ केली. "कुठल्या नियमाखाली?" असे विचारून त्यांनी दोन्ही वेळा परत पाठवली. आता त्यांना सांगावे, कलम तीन.

मसुदा वाचून चिरंजीव म्हणाले, "बाबा, कायद्याने त्यांचा काय हक्क?"

मी म्हटले, "हक्क असता तर मला लिहावं लागलं असतं का?" ते कायद्याचे पुस्तक शोधायला उठले, म्हणून हे कलम वकिलांकडून दोनदा तपासून घेतले आहे.

स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ फेब्रुवारी
सही : (पूर्ण, वाचता येण्याजोगी)

साक्षीदार : वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य, शेजारच्या ग्रंथपालबाई. दोघांनीही सही करण्याआधी सगळे वाचले.

शिंपीणबाईंची सही कुठेही घेतलेली नाही. बारा पुष्कळ झाल्या.