नाडी आढळली नाही

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांच्या मनगटावर एकदाचं घड्याळ चढवून आलो. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस — त्याला घड्याळ घालायला लावायचं म्हणजे काय दिव्य असतं ते आज कळलं. आधी डोळ्याला भिंग लावून उलटंपालटं करून पाहिलं. "उघडतं कुठून?" उघडत नाही, म्हटलं. "मग बिघडलं तर?" नवीन घ्यायचं. त्यांनी भिंग काढलं आणि मी एखाद्या गिऱ्हाइकाला गंडवून आलोय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

पण यंत्र काय आहे! नाडी, पावलं, झोप, सगळं माझ्या फोनवर. नाडी सापडली नाही की पाच मिनिटांत इशारा — मला आणि ताईला, दोघांनाही.

ताईसाठीच हा सगळा खटाटोप. डिसेंबरात बाबा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, तेव्हापासून तिचं एकच टुमणं. बाबांना एकटं ठेवायचं नाही, तिच्या हॉस्पिटलच्या मागेच वृद्धाश्रम आहे, तिथे जागा आहे. ताई नर्स आहे, तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही. बाबा म्हणतात, माझं टेबल, माझी अवजारं, माझी खिडकी, मी इथून हलणार नाही. शेवटी मी मधे पडलो. मार्चअखेरपर्यंत घड्याळाचे आकडे बघू. सगळं ठीक असेल तर बाबा घरीच. ताई कशीबशी तयार झाली. या अटीचं बाबांना काही सांगितलेलं नाही; नाडी हुकली की मला इशारा येतो, एवढंच सांगितलंय. उगाच कशाला त्यांच्या डोक्याला ताप.

इंटरनेटवर नव्या यंत्रांबद्दल लिहितो त्या माझ्या पानावर लेख टाकला — 'एक घड्याळ घर वाचवू शकतं का?' पानाचे वाचक चारशे बारा. त्यात ताई नाही. ही आहे, पण मीच हिच्या फोनवरून हिचं नाव घातलंय.

आणखी एक फायदा. रोज सातला ऑफिसातून निघताना बाबांना फोन करायची कटकट संपली. चालून आलात का, झोप लागली का, धाप लागत नाही ना — सगळी उत्तरं आता न विचारता समोर दिसतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

चार हजार दोनशे पावलं. नाडी एकाहत्तर. म्हातारा ठणठणीत! फोन करायची गरजच पडली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या बड्या कंपनीचा नवा फोन आज जाहीर झाला. काळ्या टी-शर्टातला एक गृहस्थ दीड तास रंगमंचावर येरझाऱ्या घालत होता. गेल्या वर्षी कडा गोल केल्या होत्या तेव्हा टाळ्या. यंदा सपाट केल्या तेव्हाही टाळ्या. खोक्यात चार्जर नाही — पर्यावरणाच्या काळजीपोटी. मग तोच चार्जर दुसऱ्या खोक्यात घालून दुसऱ्या गाडीने घरी पाठवतात, म्हणजे पर्यावरणाला बरं वाटतं. अख्ख्या संगणक उद्योगात आता एकही माणूस असा उरला नाही, जो स्वतःचा माल स्वतःच्या घरच्यांना वापरायला देऊन बघतो. हे वाक्य जमलंय. लेखात घ्यायचं.

ही म्हणाली, "म्हणजे तू घेणार नाहीस तर." म्हटलं, टीका करायची तर वापरून बघायला नको? आमच्या घरातल्या बोलणाऱ्या फ्रिजचं दार हिने जरा जोरात लावलं. 'दार हलक्या हाताने लावा,' फ्रिज म्हणाला.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबांकडे जायचं होतं. पण पावलं बघितली — पाच हजाराच्या वर. मग दुपारी नव्या हेडफोनवर लिहीत बसलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अजून छाती धडधडतेय.

संध्याकाळी सात वाजून सहा मिनिटं. ऑफिसच्या जिन्यात होतो. (लिफ्ट दुरुस्त करणारी आमची कंपनी, पण आमच्याच इमारतीतली लिफ्ट बंद. तो वेगळा विषय.) फोन किंचाळला. पडद्यावर लाल अक्षरांत — 'परिधानकर्त्याची नाडी आढळली नाही.' त्याखाली — 'ही सूचना आपणांस उपयुक्त वाटली का? होय / नाही.'

बाबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "बोल रे." बाबा, बरं आहे ना? "मला काय धाड भरलीय? खुर्चीत बसलोय." घड्याळ? "हे काय, हातातच आहे."

मी जिन्यातच बसलो. मग फोन लावलाच आहे म्हणून थोडं बोललो. नळ गळत होता, त्याचा वायसर त्यांनी स्वतः बदलला. वरच्या बाईंचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडत होतं, ते उघडून साफ केलं — "अरे, आत मुंगी होती! अख्खी!" अर्धा तास गेला. ठेवताना म्हणाले, "बरं झालं फोन केलास." म्हणजे त्यांनाही धक्का बसला असणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईचा फोन. संध्याकाळची पाळी असते तेव्हा तिचा फोन कपाटात असतो, इशारा तिने पाळी संपल्यावर पाहिला. "नाडी नाही म्हणजे काय रे? आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो." सेन्सरचा किरकोळ दोष आहे, म्हटलं. "किरकोळ दोष बाबांमधे नाही ना, तेवढं बघ."

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा! सात वाजून चार मिनिटं. बाबा पुन्हा पहिल्या रिंगला हजर. घड्याळ हातात, नाडी बाहत्तर. त्यांच्या जुन्या दुकानाशेजारच्या शिंप्याची गोष्ट सांगत बसले, मी आधी पाच वेळा ऐकलेली. मधे तोडणं बरं दिसेना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसऱ्यांदा. सात वाजून पाच मिनिटं. आता माझी सटकली.

पानावर लेख टाकला. पाचापैकी एक तारा. एवढा ताजा माल आणि एवढा फुसका! या लोकांना माणसाची नाडी कळत नाही आणि निघालेत माणसाचं आयुष्य सोपं करायला. सतरा जणांनी अंगठा दिला. एकाने विचारलं, यात गाणी वाजतात का.

ताईने मात्र वेगळाच अंगठा दाखवला. अजून दोनदा असं झालं तर मार्चअखेरची वाट बघणार नाही, म्हणाली. घड्याळ खरं असो की खोटं, माझ्या जिवाला घोर नको. मी म्हटलं, ताई, यंत्राच्या चुकीची शिक्षा बाबांना? "मग यंत्राची चूक आहे हे दाखव." ठीक आहे. दाखवतोच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल बाबांच्या हातातलं घड्याळ काढून आणलं, आज कंपनीकडे पाठवलं. बदलून देणार, पंधरवडा लागेल. गंमत म्हणजे बाबाच घड्याळाची बाजू घेत होते. "चांगलं आहे रे ते. नको पाठवूस. त्यात काही बिघाड नाही." ज्या माणसाला ते उघडतासुद्धा येत नाही, तो मला सांगतोय बिघाड नाही म्हणून!

ऑफिसात आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळं सांगितलं. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय बिचारा. चहा संपेपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, लिफ्टचं दार रोज एकाच मजल्यावर, एकाच वेळी अडत असेल ना, तर मी सेन्सर बघत नाही. त्या मजल्यावर कोण राहतं ते बघतो. कुणीतरी पाय घालत असतं मधे." त्याला म्हटलं, काका, लिफ्ट वेगळी, घड्याळ वेगळं. यात प्रोसेसर असतो. "असेल," म्हणाला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळ नाही म्हणून रोज सातला हातानं फोन करावा लागतोय. अश्मयुग! आज पंचवीस मिनिटं. बाबा भलतेच खुशीत असतात हल्ली. पावलं किती झाली विचारलं तर म्हणाले, "मोजली नाहीत. कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथे एक कुत्रं भेटलं, त्याच्याशी बोललो, परत आलो." ही माहिती कुठल्या रकान्यात भरायची?

४ मार्च, मंगळवार

आज बाबांनी विचारलं, "तुझं काय चाललंय?" मग लिफ्टचं सांगितलं, हिचं आणि फ्रिजचं भांडण सांगितलं. इतके हसले की ठसका लागला. पाणी पिऊन परत हसले. नाडी किती झाली असेल देव जाणे, मोजायला काही नव्हतं.

९ मार्च, रविवार

नवं घड्याळ आलं. जाऊन बाबांच्या हातात बांधलं. माझे फोन आता बंद, सुटलात एकदाचे, म्हटलं. "हो का," म्हणाले, आणि पट्टा एक भोक सैल करून घेतला.

१३ मार्च, गुरुवार

सात वाजून तीन मिनिटं. नाडी आढळली नाही. ही सूचना आपणांस उपयुक्त वाटली का?

हे चौथ्यांदा! म्हणजे एका नगाचा दोष नाही. अख्खी घडणच सदोष. लेखाचं नाव ठरलं — 'नवा नग, जुनी रड'.

१७ मार्च, सोमवार

पाचव्यांदा. सात वाजून चार मिनिटं. ताईचा शब्द म्हणजे शब्द. रविवारी येतेय, फॉर्म घेऊन. बाबांना ती स्वतःच सांगणार आहे. खिडकी, टेबल, अवजारं — टेबल तिकडे नेता येत नाही, विचारून घेतलंय म्हणाली. भिंग नेता येईल.

जेवण गेलं नाही. मीच ती अट घातली होती. मी मधे पडलो नसतो तर बाबा निदान भांडले तरी असते.

१८ मार्च, मंगळवार

कंपनीच्या मदत केंद्रातल्या बाई. फोनवर तासभर बासरी ऐकवल्यावर भेटल्या. त्यांच्याकडे सगळ्या नोंदी असतात. "सर, दोन्ही घड्याळं व्यवस्थित आहेत. पाचही इशारे संध्याकाळी सात ते सात-दहामधले आहेत. दोन इशाऱ्यांमधे चार-चार दिवस. त्या वेळी आजोबा काय करत असतात?"

माझ्याशी फोनवर बोलत असतात, म्हटलं.

"इशारा आल्यानंतर ना, सर? त्याआधी?" ते मला काय माहीत, म्हणून मी चिडलो. बाईंनी 'आपला दिवस शुभ असो' म्हटलं.

पण दर चौथा दिवस हे महत्त्वाचं आहे. घड्याळाची स्मृती चौथ्या दिवशी भरत असणार आणि सातच्या सुमाराला ती रिकामी करताना नाडीची नोंद हुकत असणार. एवढं सरळ आहे! त्यांच्या एकाही अभियंत्याच्या डोक्यात येऊ नये?

२० मार्च, गुरुवार

उद्या चौथा दिवस. बेत पक्का. सातच्या आधीच बाबांना फोन लावायचा. बोलण्यात गुंतवून ठेवायचं, दर मिनिटाला घड्याळ हातात आहे ना विचारायचं, सगळं रेकॉर्ड करायचं. घड्याळ हातात असताना इशारा आला की झालं! ते ताईला ऐकवायचं, पानावर टाकायचं, कंपनीच्या तोंडावर मारायचं. बाबांना आधी काही सांगायचं नाही, पुरावा शुद्ध हवा.

२१ मार्च, शुक्रवार

सात वाजायला पाच मिनिटं असताना फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग बाबांचा धापा टाकणारा आवाज —

"अरे, आज आधीच कसा काय? मी अजून घड्याळ काढलं नाही."