मधला ठोका

३ फेब्रुवारी

आज ह्यांचा पाय हलला!

मेंदूचा झटका आल्यापासून हे नुसते छताकडे बघतात. बोलणं नाही, ओळख नाही. सकाळी खोली झाडताना ती जुनी स्वीडिश रेकॉर्ड लावली होती. खरं तर ते तिकडच्या खेड्यातल्या व्हायोलिनवाल्यांचं नाचाचं गाणं, पण ह्या रेकॉर्डमध्ये फक्त पियानो आणि बास, ते माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य, जॅझच्या अंगाने. माहेरचं काही सांगता सांगता बाईने गप्प व्हावं, तसा पियानो मधेच थांबतो. खालून बास घाई न करता चालत राहतो. हे हॉटेलच्या बँडमध्ये बास वाजवायचे. सुट्टीच्या दिवशी हीच रेकॉर्ड लावून तिच्यावर वाजवत बसायचे.

त्या नाचात तीन ठोके, पण पाय पहिल्यावर आणि तिसऱ्यावरच आपटायचा. मधला गिळायचा. म्हणजे तिसरा आणि पुढचा पहिला असे दोन ठोके लागून, मग थांबा, पुन्हा दोन. मला कधी जमलं नाही. कॉन्व्हेंटचा पियानो — तीनही ठोके सारखे, नाहीतर बोटांवर पट्टी. हे हसायचे, “तुझ्या पायात अजून सिस्टर बसलीय.”

आज ह्यांचा डावा पाय पलंगाच्या दांडीवर — दोन, थांबा. दोन, थांबा.

५ फेब्रुवारी

पुन्हा! दिवसपाळीची बाई म्हणाली, “मावशी, साहेब नाचायला निघाले की.” दोघी हसलो. मग मी नळ सोडून रडले.

८ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, स्नायू आपोआप उडतात, मनाला लावून घेऊ नका.

मुलगा तर केव्हापासून मागे लागलाय, ह्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवू म्हणून. “आई, तुझी कंबर गेलीय. परवा त्यांना उचलताना दोघंही पडलात. तिथे चोवीस तास माणसं आहेत.” खोटं नाही बोलत तो. मी म्हटलं, रविवारी ये, डोळ्यांनी बघ. “बरं. गाण्यावर पाय हलला तर बाबा घरीच. नाहीतर तू हट्ट सोडायचास.” मी हो म्हटलं.

रविवार, ११ फेब्रुवारी

नाही हलला.

रेकॉर्ड तीनदा लावली. मी ह्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “अहो, ऐका ना.” तिसऱ्यांदा मुलानेच सुई उचलली. माझ्याकडे बघितलं नाही. “पुरे, आई.”

१३ फेब्रुवारी

काल नेलं ह्यांना. मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं.

आज पलंग आवरायला घेतला. पांघरूण निघेना. पायथ्याशी गादीखाली घट्ट खोचलेलं. रविवारी आल्या आल्या त्यानेच खोचलं होतं — “बाबांचे पाय बघ किती गार पडलेत.” मी समोर उभी होते. पोरगं किती मायेनं करतंय, एवढंच माझ्या मनात आलं.

त्याला फोन केला. “आई, आता पुन्हा नको गं.”

१४ फेब्रुवारी

तिथल्या आयाचा फोन. पेशंट सारखा पाय आपटतो, शेजारचे कुरकुरतात, म्हणून पाय बांधलाय, घरच्यांना कळवावं लागतं.

विचारलं, तिथे गाणं लागतं का?

“छे हो. इथे कसलं गाणं.”

आपटायचे कसे?

“कसे म्हणजे? दोनदा आपटायचं, थांबायचं. परत दोनदा.”