तेराने भाग जाणारी नोट

ब्रह्मपुरी, १४ नोव्हेंबर १९९८

प्रिय रंजीता,

रफीकभाईंनी मंगनीची नोट परत मागवली आहे, म्हणून हे पत्र. तुझे गुडघे कसे आहेत? (उत्तर लिहू नकोस, येऊन सांग, चालणं गुडघ्यांना बरं.) आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहिलं तर ते खोटं होईल.

रफीकभाई म्हणजे तुमच्या सिंदेवाहीचे सायकलदुकानवाले. त्यांचा फैज तुझ्याच हाताखाली शिकला. त्याची आणि आमच्या शिरीनची मंगनी गेल्या रविवारी झाली. आमच्यात ७८६ हा आकडा शुभ. नंबरात तो असलेली नोट कुणी खर्चत नाही. रफीकभाईंकडे दहाची एक नोट होती, तिचा नंबर थेट ७८६७८६. इतकी वर्षं प्लास्टिकमध्ये जपलेली ती नोट त्यांनी भरल्या घरात शिरीनच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी गणितवाल्या. मले सांगा, या नंबरात काय खास आहे?"

मुबारक म्हणून गप्प बसायचं होतं. पण प्रश्न गणिताचा, तेव्हा उत्तरही गणिताचंच आलं. कोणतेही तीन आकडे लागोपाठ दोनदा लिहिले की मूळ संख्येची एक हजार एकपट होते. आणि एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. म्हणजे या नंबराला सातानेही भाग जातो, अकरानेही, तेरानेही. तेरा ऐकताच फैजच्या आबिदा खालाने हातातला पेढा खाली ठेवला.

"अन् तीननं?"

जातो, म्हटलं. (जातोच. काय सांगणार?)

"मंग तीन तेरा झालेच का नाई."

मी सावरायला गेले. म्हटलं, यात या नोटेचा दोष नाही, कोणतेही तीन आकडे घ्या, असंच होईल. आणि उदाहरणासाठी जो पहिला आकडा तोंडात आला तो घेतला: चारशे वीस. रफीकभाईंना एवढंच समजलं की आपली बरकतीची नोट आणि चारसो बीस एकाच माळेचे मणी. मंडळी न जेवता उठली. बिर्याणी गल्लीने खाल्ली. शिरीन माझ्याशी बोलत नाही, आणि काल खालाकडून रफीकभाईंचा निरोप आला: नोट पाठवून द्या. नोट गेली की मंगनी गेली.

रंजीता, वाईट याचं वाटतं की उत्तर माझ्या पहिल्याच वाक्यात होतं, मी ते उलट्या टोकाने सांगत बसले. ७८६७८६ ला साताने भाग दे, ११२३९८ येतात. त्याला अकराने, १०२१८. त्याला तेराने, आणि येतात नेमके ७८६. तिघांनीही भागून घेतलं तरी ७८६ जागच्या जागी. हे त्या दिवशी बोलले असते तर आबिदा खालाने दुसरा पेढा मागितला असता. आता कोण ऐकतं माझं!

तुझी,
निशात

ता. क. भागाकाराचा कागद सोबत आहे. तो घेऊन आजच दुकानात जा. फैजची बाई म्हणून तुझं ऐकतील. माझं नाव काढू नकोस.

ता. क. नाहीच ऐकलं, तर सांग की निशातचं आता वय झालं, हिशेब चुकला, तेराने भाग जात नाही. बाकी किती उरते विचारलं तर पाच म्हण. (हे मी माझ्या हाताने लिहिते आहे.)

काळीपिवळीवाल्या देवाजीकडे आज सोपवलं: हे पत्र, भागाकाराचा कागद आणि फैजसाठी शेवयांचा डबा. नोट सोपवली नाही. शिरीन देत नाही.