रिकाम्या खाटेचा अर्थ

प्रिय दादा,

पाण्यावर तरंगणारी, तुझ्या चित्रातली ती रिकामी खाट आमच्या संग्रहालयात येऊन सहा वर्षं झाली. मी दिवसातून चार वेळा लोकांना तिचा अर्थ सांगते. पाणी म्हणजे संसार, खाट म्हणजे देह, आणि वर कुणीच नाही ते शून्य. लोक माना डोलावतात. माझे पाय दुखतात.

आज एक म्हातारी नर्स आली होती. माझं शून्यपुराण तिनं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बाई तसं. पण चादरीचे कोपरे बघ. पेशंट गेला की आम्ही अशीच ताणून खोचायचो. ही कुणी घातली असेल?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

तू पोचलास तेव्हा आईला जाऊन चार तास झाले होते. तू दारातच उभा राहून मी आवरलेल्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिलास, आणि पुढे तेच रंगवलंस. "अचानक झालं," असं मी तुला सांगितलं होतं. अचानक नव्हतं रे. आई तीन दिवस तुला हाका मारत होती. वर्षभर तिचं सगळं मी एकटीनं केलं, आणि शेवटी नाव तुझं. मला राग आला. ती जाईपर्यंत मी तुला फोन केलाच नाही.

हेही पत्र पर्समध्येच राहील. उद्या दहाला पहिला गट आहे. चित्रकाराला हे शून्य कुठे सापडलं, असं कुणी ना कुणी विचारतंच.

मी सांगते, "ध्यानात."

तुझी,
धाकटी