डाव्या पायावर नारिंगी-पांढरं

रविवार, ७ डिसेंबर, सकाळी ९.४०
१. ७.१० ला ब्रेस्तोवोच्या धरणावर पोहोचले. तापमान उणे दोन. वारा नाही.
२. ७.३२ ला हंस. अकरा. सगळे पाण्याच्या मधोमध, अंतर एकशे ऐंशी मीटर. यंत्रानं मोजलेलं, अंदाज नव्हे.
३. ७.४१ ला त्यातल्या एकानं डावा पाय पाण्याबाहेर काढून पाठीवर ठेवला. पायावर दोन पट्ट्या. वर नारिंगी, खाली पांढरी.
४. वीस सेकंदांनी पाय आत.
५. आपल्याकडे कुणी हंसांच्या पायात ओळखीची नारिंगी कडी घालत असल्याचं मला माहीत नाही. म्हणजे पक्षी परदेशी.
६. मी शांत आहे.

सोमवार, ८ डिसेंबर
संकल्प. रोज ७.१० ते ८.०० धरण, मग पार्कातलं तळं, नऊला प्रयोगशाळा. रविवारी धरणावर ८.४५ पर्यंत. पाऊस, ताप, कुणाचा नामदिन, कुठलीही सबब चालणार नाही.
उद्देश एकच. कडं कुणी घातलं ते शोधायचं आणि पक्षीनिरीक्षक संघटनेच्या वार्तापत्रात टिपण लिहायचं. टिपण छापून आलं की संघटनेचे प्रमुख डॉ. व्लाइकोव पुढच्या हिवाळ्यापासून पक्षीगणनेत धरण माझ्या नावावर करतील. सध्या ते मेतोदीकाकांच्या नावावर आहे. एकोणीस वर्षं. काका उलट्या बादलीवर बसून गळ टाकतात आणि मधूनमधून पक्षी मोजतात. दुर्बिणीच्या एका भिंगातून धुरकट दिसतं असं स्वतःच सांगतात. मी दिवसभर लोकांचे वजनकाटे खोटं बोलतात का ते तपासते, आणि मला दिलंय पार्कातलं तळं. तिथे बदकं अठ्ठावीस. रोज अठ्ठावीस.

बुधवार, १० डिसेंबर
पाय दिसला नाही. हंस दिसले.
धरणाच्या वाटेवरच्या आलुबुखाराच्या झाडाला मागच्या मार्तेनित्सा अजून लटकताहेत. एक मार्चला लाल-पांढरी लोकर मनगटाला बांधायची, करकोचा दिसला की सोडून झाडाला अडकवायची आणि विसरून जायचं. नऊ महिन्यांच्या उन्हापावसात लालचा नारिंगी झालाय. बांधायला सगळे पुढे, काढायला कुणी नाही. कचरा म्हणून नोंद केली.

रविवार, १४ डिसेंबर
८.४५ ला तिवई आवरत होते, तेवढ्यात दोनाआजी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही हातांत पिशव्या. रोज नऊला येऊन हंसांना पाव घालतात. पावानं पक्ष्यांचं पोट बिघडतं, हे मी त्यांना तीन मुद्द्यांत सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरी, तू काय खाऊन आलीस सकाळी? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, मग आधी तुझ्या पोटाचं बघ. पिशवीतून चीज घालून भाजलेल्या बानित्साचा तुकडा काढून हातात कोंबला. घरचं चीज होतं. मुद्दा अनिर्णित.
मेतोदीकाका बादलीवरून म्हणाले, अगं झोरी, पायात ते घातलेला हंस ना? तो आजीचा. थांब पंधरा मिनिटं, हातात पाय घेऊन बघ. मी सांगितलं की पाव टाकून जवळ बोलावलेला पक्षी म्हणजे निरीक्षण नव्हे, ती लाच झाली. काका म्हणाले, मग मी एवढी वर्षं इथे काय करतोय? माशांना लाचच देतोय की.
नोंद: स्थानिकांचे मालकीहक्काचे दावे, दुर्लक्ष करावे.

शनिवार, २० डिसेंबर
काठावर पाटी लावली. 'पक्ष्यांना पाव घालू नये. मका किंवा जव चालेल.' प्लास्टिकचं आवरण, चार स्क्रू, पाणसळ लावून अगदी आडवी. काका म्हणाले, झोरी, धरण वाकडं आहे, पाटी सरळ आहे.

सोमवार, २२ डिसेंबर
पाच देशांतल्या कडी घालणाऱ्या केंद्रांना ईमेल. रंग, पाय, अंतर, वेळ, सोबत रंगपट्टीवरचा क्रमांक. ५ जानेवारीपर्यंत उत्तर द्यावं असं लिहिलंय. इतक्या व्यवस्थित लिहिलेल्या पत्राला उत्तर न येण्याचं काही कारण दिसत नाही.

मंगळवार, ६ जानेवारी
उत्तरं: शून्य. सुट्ट्या असतील.

शुक्रवार, ९ जानेवारी
उत्तरं: चार. 'आमचं नाही.' 'आमचं नाही.' 'आम्ही नारिंगी वापरत नाही.' चौथ्या बाईंनी विचारलंय की ते कडंच आहे याची खात्री आहे का. त्यांना अंतरमापकाचा तपासणी दाखला पाठवला, चार पानी. राग आला म्हणून नव्हे. माहितीसाठी.
निष्कर्ष: कुठल्या तरी केंद्राचं दप्तर गहाळ झालंय.

शनिवार, १७ जानेवारी
गणना. पार्कातलं तळं. बदकं सत्तावीस. दुसऱ्यांदा सत्तावीस. तिसऱ्यांदा मोजताना कचराकुंडीमागून अठ्ठाविसावं निघालं.
मेतोदीकाकांनी धरणाचे आकडे फोनवर सांगितले, 'हंस अकरा, त्यातला एक दोनाआजीचा.' डॉक्टरांनी ते तसंच उतरवून घेतलं. या देशात माहिती अशी गोळा होते.

रविवार, २५ जानेवारी, ८.०५
पाय तब्बल चाळीस सेकंद बाहेर. खालच्या पट्टीपासून बारीक काहीतरी लोंबतंय, साधारण चार सेंटिमीटर, वाऱ्यावर हलतंय.
तार. तार म्हणजे अँटेना. अँटेना म्हणजे ट्रान्समीटर. म्हणूनच कुणी कबूल करत नाहीये. अभ्यास अजून जाहीर व्हायचा असणार. वजन अंदाजे चाळीस ग्रॅम. वजनाच्या बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही.
काकांना सांगितलं. ते पाच मिनिटं खोकत होते. गळाला लागलेला मासा सुटून गेला. म्हणाले, बाळ, एकदा नऊला ये. मी म्हटलं, पद्धत बदलता येणार नाही. पाटीचा काही परिणाम दिसला का, असं मीही विचारलं. ते म्हणाले, ते तू नऊला आलीस तर कळेल. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्या माणसाकडे धरण आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
अंतर एकशे चाळीसवर आणण्यासाठी काठाच्या दगडांवर उतरले. दोन्ही बूट पाण्यात. तिवईही.

शनिवार, ७ फेब्रुवारी
ताप. संकल्प मोडलेला नाही. खंड पडलाय.

बुधवार, ११ फेब्रुवारी
टिपण दिलं. 'ब्रेस्तोवो धरणावर ट्रान्समीटर लावलेला हंस.' डॉ. व्लाइकोव यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, झोर्नित्सा, ट्रान्समीटर? पायात? नक्की ना? मी म्हटलं, साठ दिवसांची निरीक्षणं आहेत. ते म्हणाले, मग छापू. शनिवारी, ७ मार्चला वार्तापत्र छपाईला जातं, त्याआधी एक स्वच्छ फोटो दे. पान मोकळं ठेवतो. आणि धरण तुझं. मेतोदीला मी सांगू का?
मी म्हटलं, मीच सांगते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
सांगितलं नाही. ते मासे साफ करत होते. योग्य वेळ नव्हती.

सोमवार, १६ फेब्रुवारी
सांगितलं नाही. धुकं होतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
फोटो दोनशे चौदा. हंसाची मागची बाजू: एकशे नव्वद. पाणी: तेवीस. मेतोदीकाका हात हलवताना: एक.
आईचा फोन. मार्तेनित्सा वळायला लाल-पांढरी लोकर आण म्हणे. मी सांगितलं, वेळ नाही, शास्त्रीय काम चालू आहे. ती म्हणाली, बरं, मग शास्त्रीय काम करून येताना आण.
आणली नाही. ज्या धाग्यानं काहीच मोजता येत नाही त्यासाठी रांगेत उभं राहणं मला जमत नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी
निर्णय. रविवारी नऊपर्यंत थांबायचं, फक्त फोटोसाठी. हे निरीक्षण नाही, छायाचित्रण आहे. तत्त्व शाबूत. काकांना धरणाचंही तेव्हाच सांगेन.

रविवार, १ मार्च, दुपार
९.०० ला दोनाआजी आल्या. पिशवीतून मका काढला. पाव नाही. म्हणाल्या, तुझी पाटी लागल्यापासून मकाच आणते गं, भिंगवाले. चष्मा विसरले होते, मेतोदीनं वाचून दाखवली. दोन महिने मी 'पाटीचा परिणाम: शून्य' लिहीत होते. मी ८.४५ ला जात होते.
आजींनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. अकरापैकी एक हंस सरळ काठावर चढून आला. काकांनी सराईतपणे त्याच्यावर आपला कोट टाकला आणि काखेत धरला. डावा पाय बाहेर. अंतर चाळीस सेंटिमीटर. कॅमेरा माझ्या हातात होता. फोटो काढला नाही.
आजी त्या पायाशी बोलत होत्या. झालं हो तुझं वर्ष, आता नवी घालू. मग मला सांगितलं, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत याच्या पायात गळाचा दोर रुतला होता, तो दोघांनी मिळून कापून काढला. मग एक मार्चला बाकी सगळ्यांना बांधतात तशी यालाही एक बांधली, तब्येतीसाठी. वरती लाल लोकर, खाली पांढरी, गाठीचं टोक जरा लांब राहिलं. करकोचा दिसल्यावर सोडायची, पण उन्हाळ्यात हा कुठे होता कुणास ठाऊक. डिसेंबरात आला तो ती घालूनच. आजी म्हणाल्या, माझीच गाठ, मी ओळखली. म्हटलं, नवी येईपर्यंत राहू दे.
कात्रीचा एक आवाज. ट्रान्समीटर माझ्या तळहातावर ठेवला. ओला होता.
काका म्हणाले, काय गं, कुठल्या देशाचा निघाला? आजी म्हणाल्या, पोस्टाशेजारच्या दुकानातली लोकर आहे ती, गेल्या वर्षी चांगली मिळाली होती. काका म्हणाले, मी सांगणार होतो, पण तू म्हणालीस पद्धत बदलता येत नाही. आणि दोघं इतके हसले की हंसानं काकांच्या बोटाला चावा घेतला.
आजींनी हंसाला नवी बांधली. मग माझा हात ओढून मलाही बांधली. गाठ मारताना म्हणाल्या, तूही धडधाकट राहा, आणि सकाळी काहीतरी खाऊन येत जा.
धरणाचं काकांना सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी गळ ओढून घेतला. मग म्हणाले, दुर्बीण बरी आहे गं. धुरकट आहे तो माझा उजवा डोळा. पण एकोणीस वर्षांत लोकर ओळखायला मी कधी चुकलो नाही. त्यांच्याकडे दुसरी बादली होती. ती उलटी करून शेजारी ठेवली. मी बसले.
नोंद: बादली फार थंड असते.

सोमवार, २ मार्च
प्रयोगशाळेत वाळवून वजन केलं. ०.८ ग्रॅम. अंदाज चाळीसचा होता.
डॉ. व्लाइकोव यांना पाठवलेल्या पत्राची नक्कल:
'११ फेब्रुवारीला दिलेलं माझं टिपण मागे घेत आहे. पायात ट्रान्समीटर नव्हता, कडंही नव्हतं. मार्तेनित्सा होती, मागच्या वर्षीची, दोनाआजींनी बांधलेली. पाच केंद्रांना मी वेगळं कळवत आहे, त्यातल्या चौथ्या बाईंना आधी. गणनेत ब्रेस्तोवो धरण मेतोदीकाकांच्याच नावावर राहू द्यावं. फॉर्मवर मदतनीसाचा रकाना असेल तर त्यात माझं नाव घालावं. नसेल तर पार्कातलं तळं आहेच. डावा पाय ही नोंद मात्र बरोबर होती. छपाई शनिवारी असल्यामुळे, टिपण वगळलं की नाही ते कृपया शुक्रवार, ६ मार्चपर्यंत कळवावं.'