घराकडं तोंड

आबा,

धाकटा मागच्या आठवड्यात बारामतीला येऊन गेला. त्याच्या मुलाचा साखरपुडा होता, मोठ्या एसी हॉलमध्ये. जेवणं सुरू झाल्यावर त्यानं माइक घेतला आणि तुमची विमानाची गोष्ट सांगितली, तुमचा आवाज काढून. पाहुणे पनीर चघळत हसत होते. मला किळस आली, ताट तसंच सरकवून उठले.

तो पहिल्यांदा सिंगापूरला निघाला होता, तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही ओट्यावर बसून त्याचं तिकीट वाचताय. मुंबईहून रात्री साडेअकराला निघून सकाळी साडेसातला पोहोचायचं. परतीला मात्र संध्याकाळी साडेसातला निघालं की रात्री साडेदहाला मुंबई. "जायला आठ तास आन् यायला तीनच?" तुम्ही विचारता. मी भाकरी थापत सांगते, "तितलं घड्याळ अडीच तास म्होरं हाय, आबा. दोन्हीकडनं साडेपाचच." तुम्हाला ते पटत नाही. तुमची उमर गेली कारखान्यावर बैलगाडीनं ऊस वाहण्यात. "न्हाय गं," तुम्ही म्हणता, "घराकडं तोंड झालं की बैल आपसूक पळत्यात. तसंच असणार ते." मग गावभर तेच सांगत फिरलात. शेवटच्या दुखण्यातही दाराकडं बघत म्हणायचात, "तीन तासांचं तर हाय. येतोय त्यो." तो आला दहाव्याला.

या खेपेला मी त्याला सोडलं नाही. हॉलच्या दारात त्याला गाठून म्हणाले, "आईला आता अंथरुणातून उठवत नाही. आपलं अंथुर्णं गाव इथून पाऊण तासावर आहे, तोंड दाखवून जा." त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अक्का, रात्रीचं विमान आहे, मुंबई गाठायचीय. पुढच्या खेपेला नक्की. साडेपाच तासांचं तर अंतर आहे." एवढं बोलून मला मिठी मारली. त्याच्या अंगावरच्या सेंटचा वास माझ्या साडीला लागला. घरी येऊन साडी आधी भिजत घातली, मग चहा टाकला. पोटचा पोरगा असून त्याला बैलाएवढीही घराची ओढ नाही, आबा, आणि तुमच्या बैलांवर तो लोकांना हसवतो.

संध्याकाळी आईला पेज भरवत होते. तिनं विचारलं, "आला न्हाय व्हय गं?"

"पुढच्या खेपेला येतो म्हणला."

"लई लांब पडतं व्हय त्याला?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण तिची नजर दाराकडं होती, तुमची असायची तशीच.

"न्हाय गं आई. यायला तीनच तास. घराकडं तोंड झालं की पळत्यात."

तिनं दोन घास जास्त खाल्ले. हा कागद तुम्हाला कुठं पोचणार, म्हणून इथंच सांगून टाकते. आईला ते बोलताना मीही तुमचाच आवाज काढला होता.