बुंदीचा आहार आणि माझं संशोधन

२५ जुलै, शुक्रवार
आजपासून श्रावण. यंदा पूर्ण पाळणार. काल गटारीला सगळ्या भावकीसमोर उभं राहून जाहीर केलं. भावकी हसली. हसू दे.

सकाळी बुंदीला डॉ. भावनांकडे नेलं. जंताचं औषध झालंय, तरी मांजर फार हडकलंय म्हणाल्या. महिन्याभरात वजन वाढलं नाही तर ॲडमिट करून सलाइन. उकडलेले मासे द्या, म्हणाल्या. बुंदीसाठी वाट्टेल ते करीन. अख्ख्या घरात ती फक्त माझ्या पोटावर झोपते.

२६ जुलै
श्रावणात स्वयंपाकघरात मासे नाहीत म्हणजे नाहीत, असं आईने बजावलं. मग गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. प्राचीला म्हटलं, याला प्लॅनिंग म्हणतात. बायकोने गॅलरीचं दार लावून घेतलं. इम्प्रेस झाली असावी.

२७ जुलै
बुंदीने उकडलेली मांदेली हुंगली. लगेच तोंड घातलं नाही, म्हणून मी बशी उचलली. बरोबरच आहे, आमच्या करंजाड्यात अळणी मासे कोण खातं? थोडं मीठ, हळद, आगरी मसाला. चव बघायला एक तुकडा जिभेवर टेकवला. हे खाणं नव्हे. बाळाचं दूधसुद्धा मनगटावर टाकून बघतातच.

३१ जुलै
बुंदी मसाल्याने शिंकली आणि आईच्या मागे जाऊन लपली. आईने विचारलं, "मांजरीला चिच कनाला रं?" आता बांगड्याला चिंच लागते हे मला तिनेच शिकवलंय!

उरलेलं टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान, तोही श्रावणात. संपवलं. भाताबरोबर, कारण नुसतं तिखट लागत होतं.

३ ऑगस्ट, रविवार
तौलनिक अभ्यास. सुरमई, बोंबील, कोळंबी. बुंदी एकाही बशीकडे फिरकली नाही. आईच्या पानातला दहीभात चाटत बसली. निष्कर्ष: सुरमई सर्वोत्तम.

दुपारी मेहुणा मिथुन टपकला. वास पार पळस्पे गावापर्यंत येतोय म्हणाला. मांजरीचं आहे म्हटलं, तर म्हणतो, माझ्याकडे पण मांजर आहे, एक डबा भरून द्या. त्याच्याकडे मांजर नाही. लोक किती सहज खोटं बोलतात!

१० ऑगस्ट
बुंदी हल्ली माझ्या पोटावर झोपत नाही. प्राची म्हणते, पोट गोल झालंय, घसरत असेल. चेष्टा पुरे. उचलली तर तिची हाडं हाताला लागतात. भीती वाटली. उद्यापासून आणखी जोर लावायचा. कोळणीला जिताडा सांगून ठेवलाय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
बुंदीचं वजन वाढलं तर नाहीच, उलट थोडं उतरलंय. डॉक्टरांनी विचारलं, काय काय दिलंत? मी अभिमानाने सगळं सांगितलं. एवढं सगळं हिने खाल्लं? डॉक्टर बुंदीकडे बघत होत्या. प्राची माझ्या शर्टाच्या बटणांकडे. शेवटी सलाइनआधी आठ दिवसांची मुदत मिळाली, अळणी माशांच्या अटीवर.

घरी आल्यावर आईने मला शेगडीपासून बाजूला केलं. स्वतः मांदेली उकडली, काटे काढले, बशी ठेवली आणि तिथेच बसून राहिली. बुंदीने हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं, आणि बशी चाटूनपुसून साफ केली. मला फार बरं वाटलं. मी उरलेल्या मांदेलीकडे हात नेला, तर आईने तो फटकन खाली केला आणि मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,
"खा गो बाय, खा. या घरान सरावन पालला, त तुच एकटीनं."